मास्क घातला होतास ना?

बरेच दिवस इकडे काही लिहिलं नाही. कारण विचाराल तर शुद्ध आळस. पण दिवाळीत भाची इंग्लंडहून आली होती. फराळाच्या ताटावर बसून तिनं एक गोष्ट सांगितली, ती काही डोक्यातून जाईना. मग वाचत सुटलो, आणि वाचता वाचता माझंच एक जुनं वाक्य मला टोचायला लागलं. म्हणून हे लिहितोय. लेख इतिहासाचा आहे, पण सुरुवात घरातूनच करावी लागेल.

ऑगस्ट २००९ आठवतोय का? पुण्यात स्वाइन फ्लू आला होता. देशातला पहिला मृत्यू पुण्यात झाला आणि दोन दिवसांत अख्खं शहर तोंड बांधून फिरू लागलं. (पुण्याच्या मुली स्कूटरवर आधीपासूनच तोंड बांधून फिरायच्या, तेव्हा अर्धं शहर तयारच होतं म्हणा.) औषधांच्या दुकानांतून 'एन९५' हे नाव मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. तीन दुकानं पालथी घालून दोन मिळवले आणि मुंबईला भाचीला कुरियरनं पाठवले. ती तेव्हा तिथल्या एका मोठ्या सरकारी रुग्णालयात, छातीच्या आजारांच्या वॉर्डात रेसिडेंट होती. मामा म्हणून छाती चार इंच फुगली होती माझी.

पुढे फेब्रुवारीत तिला संध्याकाळचा बारीक ताप येऊ लागला. वजन उतरलं. एक्स-रे काढला तर छातीत पाणी. टीबी! ताई फोनवर नुसती रडत होती. मी दुसऱ्या दिवशी पहाटेच्या गाडीनं मुंबईला गेलो आणि तिच्या खाटेशी बसून पहिला प्रश्न विचारला, "मास्क घातला होतास ना गं?"

ती म्हणाली, "घातला होता, मामा." आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मला ते खरं वाटलं नव्हतं. तरुण मुलं, उकाडा, चोवीस-चोवीस तासांची ड्यूटी. काढून ठेवत असणार गळ्यात. परतल्यावर ताईलाही मी तसंच म्हणालो. सहा महिने गोळ्या घेऊन भाची खडखडीत बरी झाली, पुढे इंग्लंडला गेली, आणि विषय संपला. निदान माझ्यापुरता तरी.

या दिवाळीत काय विषय निघाला कोण जाणे, ती सांगू लागली. तिकडे हॉस्पिटलात रुजू झाल्यावर तिची मास्कची परीक्षा घेतली होती. म्हणजे मास्कबद्दलचे प्रश्न नव्हेत, चेहऱ्यावर मास्क बसतो की नाही याची परीक्षा. खुर्चीवर बसवतात, डोक्यावरून एक पारदर्शक टोपडं घालतात आणि त्याच्या भोकातून एका अतिकडू पदार्थाचा फवारा मारतात. आधी मास्कशिवाय, म्हणजे तुमच्या जिभेला ती चव कळते हे नक्की व्हावं. मग मास्क लावून पुन्हा तोच फवारा. आता एक मिनिट साधा श्वास घ्या, एक मिनिट खोल श्वास घ्या. मान डावी-उजवीकडे वळवा, वर-खाली करा, मोठ्यानं वाचा, कमरेत वाका, पुन्हा साधा श्वास. थोडक्यात, डॉक्टर वॉर्डात दिवसभर जे करतो ते सगळं. यात कधीही कडू लागलं तर तो मास्क तुमचा नाही.

तिला पहिला मास्क लावला. मान वळवताच कडू. दुसऱ्या जातीचा लावला, बोलायला लागल्यावर कडू. तिसरा, लहान मापाचा, लावला तेव्हा कुठे जमलं.

"मामा, ती कडू चव जिभेवर आली ना, तेव्हा मला तूच आठवलास," ती म्हणाली. "तू विचारलं होतंस, घातला होतास ना? घातला होता रे. पण तो बसला होता का, हे तू विचारलं नाहीस. मलाही माहीत नव्हतं असं काही विचारायचं असतं."

करंजी हातातच राहिली माझ्या.

आता माझी गंमत बघा. (गंमत कसली!) मी चौतीस वर्षं पंपाच्या कारखान्यात काढली. पंप गळतो तो ओतीवातून नाही, जोडातून गळतो, हे मी शेकडो पोरांना शिकवलं. कास्टिंग कितीही उत्तम असो, गॅस्केट नीट बसलं नाही, बोल्ट एका बाजूला जास्त आवळला, की पाणी तिथूनच वाट काढणार. आणि मीच मास्क पाठवताना डब्यावरचा '९५' पाहिला, कडा पाहिल्या नाहीत. चपला घ्यायला गेलो की नंबर विचारतो, आणि मास्कला नंबर असतो हे डोक्यात आलं नाही.

तर मग प्रश्न असा, की हे जगाच्या तरी डोक्यात कधी आलं? मी शोधायला लागलो आणि चक्रावलो. कारण उत्तर असं की फार लवकर आलं, आणि पुन्हा पुन्हा विसरलं गेलं.

सुरुवात १८९७ पासून करू. ब्रेस्लाउ नावाचं शहर, तेव्हा जर्मनीत, आज पोलंडमध्ये. आताचं नाव व्रोत्सवाफ. तिथले शल्यविशारद योहान मिकुलिच यांनी शस्त्रक्रिया करताना तोंडावर जाळीदार कापडाचा एक पदर बांधायला सुरुवात केली. त्यांच्याच शहरातले कार्ल फ्ल्यूगे यांनी दाखवून दिलं होतं की माणूस नुसता बोलला तरी तोंडातून सूक्ष्म थेंब उडतात आणि त्यांत जंतू असतात. त्याच वर्षी पॅरिसमध्ये पॉल बर्जे यांनीही मास्क वापरायला सुरुवात केली. पण लक्षात घ्या, हा मास्क डॉक्टरसाठी नव्हताच. तो रुग्णाला डॉक्टरपासून वाचवायला होता. थेंब पुढच्या पुढे अडले की काम झालं. कडेला फट राहिली तरी फारसं बिघडत नव्हतं. आजचा सैलसर निळा सर्जिकल मास्क याच घराण्यातला.

गंमत अशी की हेच १८९७ साल आपल्याकडे प्लेगचं. मुंबईत आदल्या वर्षी डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी मांडवीत प्लेग ओळखला होता. हाफकिन ग्रँट मेडिकल कॉलेजात लस तयार करत होते आणि जानेवारीत त्यांनी ती स्वतःला टोचून घेतली. मार्चमध्ये पुण्यात रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले गेल्या. पुढच्या दहा-बारा वर्षांत मुंबईत झालेल्या संशोधनानं पक्कं सिद्ध केलं की हा प्लेग उंदरांवरच्या पिसवांमार्फत पसरतो. तो खरा होताच. पण मुंबईत शिकलेला हा धडा दूर चीनच्या उत्तरेला एका माणसाच्या जिवावर बेतला.

ते साल १९१०. मांचुरियातल्या हार्बिन शहरात कडाक्याच्या थंडीत माणसं पटापट मरत होती. ताप, खोकला, रक्त, आणि एक-दोन दिवसांत खेळ खलास. चीन सरकारनं तिथं पाठवला एकतीस वर्षांचा डॉक्टर, वू लिएन-तेह. मलायातल्या पेनांगचा जन्म, केंब्रिजचं शिक्षण. २४ डिसेंबरला तो हार्बिनला पोचला. काही दिवसांतच त्यानं एका मृत जपानी बाईचं गुपचूप शवविच्छेदन केलं, प्लेगचे जंतू पाहिले, आणि निष्कर्ष काढला की हा प्लेग फुप्फुसांचा आहे. उंदीर-पिसवा लागतच नाहीत. खोकल्यातून, हवेतून, माणसाकडून माणसाकडे जातो.

त्यानं मास्क बनवायला घेतला. जखमेला बांधतात ती जाळीदार पट्टी साधारण तीन फूट लांब कापायची, दुमडायची, मध्ये कापसाची जाडसर घडी. दोन्ही टोकं उभी चिरून त्यांचे बंद करायचे. काही बंद डोक्यावरून, काही कानांवरून, काही मानेमागे बांधायचे. अतिशय स्वस्त, आणि कुणालाही घरी करता येईल असा. मिकुलिचच्या मास्कहून यात एक मूलभूत फरक होता. इथे बाहेरची हवा आत येताना गाळायची होती. डॉक्टरला रुग्णापासून वाचवायचं होतं. त्यामुळे कडा महत्त्वाच्या झाल्या, आणि तिन्ही दिशांना बांधायचे बंद त्यासाठीच होते. चेहरा रुंद असो, अरुंद असो, बंद आवळले की घडी गालांवर आणि नाकावर बसायची.

जानेवारीच्या सुरुवातीला तिथं एक अनुभवी फ्रेंच डॉक्टर आले, जेराल्ड मेनी. वूचं म्हणणं त्यांना पटलं नाही. प्लेग म्हणजे उंदीर, हे सगळ्या जगानं मान्य केलं होतं, आणि हा कालचा चिनी पोर शहाणपणा शिकवतोय! दोघांचा चांगलाच खटका उडाला. मेनी मास्क न लावता प्लेगच्या रुग्णांना तपासायला गेले. ११ जानेवारी १९११ ला ते गेले. त्यानंतर हार्बिनमध्ये वूच्या मास्कबद्दल कुणी वाद घातला नाही. मार्चमध्ये तिथली साथ आटोक्यात आली. मांचुरियात एकूण सुमारे साठ हजार माणसं मेली. साथ थांबली ती एकट्या मास्कमुळे नव्हे. विलगीकरण होतं, रेल्वेवरचे निर्बंध होते, हजारो प्रेतं जाळली होती. पण डॉक्टरच्या रक्षणासाठी डॉक्टरनं मास्क लावायचा, ही कल्पना तिथं रुजली.

मेनींची गोष्ट बहुतेक ठिकाणी "मास्क घातला नाही म्हणून गेला" अशी सांगतात. खरी आहे. पण माझ्यासारख्यांच्या डोक्यात ती फार सोपी होऊन बसते. घातला तर वाचला, नाही घातला तर मेला. म्हणजे कुणी आजारी पडलं की विचारायचं, घातला होतास ना? मधला प्रश्न गळून पडतो.

तो मधला प्रश्न लवकरच कुणीतरी विचारलाही. १९१८ चा फ्लू. सॅन फ्रान्सिस्कोत मास्कची सक्ती झाली, न घालणाऱ्यांना दंड, पुढे मास्कविरोधी चळवळ. सगळं अगदी २०२० सारखंच. साथ ओसरल्यावर कॅलिफोर्नियाच्या आरोग्य खात्यातले डॉ. केलॉग आणि त्यांच्या सहकारी मॅकमिलन यांनी जाळीच्या मास्कवर प्रयोग केले आणि १९२० मध्ये छापले. त्यांना काय दिसलं? कापडाचे पदर कमी असले तर जंतू आरपार जातात. पदर वाढवले तर जंतू अडतात, पण श्वास घेणं जड जातं आणि मग हवा कडेनं वाट काढते.

हे वाचून मी टेबलावर हात आपटला. (बायको स्वयंपाकघरातून धावत आली.) अहो, हाच तर आमचा पंप! गाळणी जितकी दाट, तितका तिला विरोध जास्त. आणि हवा काय, पाणी काय, कमी विरोधाची वाट शोधणारच. म्हणजे सैल बसलेल्या मास्कची गाळणी जितकी भारी कराल तितकी फट जास्त बोलेल. हे १९२० मध्ये छापून आलेलं आहे. म्हणजे मी ते कुरियर पाठवलं त्याच्या एकोणनव्वद वर्षं आधी.

यानंतर कहाणी हॉस्पिटलातून निघून खाणीत जाते. कारण धुळीनं मरणाऱ्यांचा प्रश्न तिथं होता. १९३० च्या सुमारास अमेरिकेत वेस्ट व्हर्जिनियातल्या हॉक्स नेस्ट इथं डोंगरातून बोगदा खणला गेला. दगडात सिलिका भरपूर. शेकडो मजूर, त्यांतले बरेचसे कृष्णवर्णीय, फुप्फुसांत धूळ साचून मेले. त्यांना मास्क दिलेच नव्हते. १९३४ पासून अमेरिकेच्या खाण खात्यानं धुळीच्या मास्कना प्रमाणपत्र द्यायला सुरुवात केली. हे मास्क रबराचे आणि जड असत.

हलका मास्क आला तो अगदी वेगळ्या वाटेनं. सारा लिटल टर्नबुल नावाच्या डिझायनर थ्रीएम कंपनीसाठी, न विणता दाबून साच्यात घातलेल्या कापडावर काम करत होत्या. ब्रेसियरचे कप त्यातून बनवता येतील असा त्यांचा प्रयत्न होता. त्याच काळात घरच्यांच्या आजारपणात हॉस्पिटलात बसून त्यांनी डॉक्टर-नर्सेसना बंदांचे मास्क पुन्हा पुन्हा सावरताना पाहिलं होतं. त्या कपातून वाटीसारखा, रबरी पट्ट्यांचा मास्क निघाला. १९६१ चा पहिला मास्क जंतूंपुढे कमी पडला, मग तो धुळीसाठी विकला गेला. सुधारत सुधारत १९७२ मध्ये एकदा वापरून टाकायच्या मास्कला सरकारी मान्यता मिळाली. पुढे विद्युतभार दिलेले धागे आले. ते कणांना ओढून धरतात, त्यामुळे गाळणी फार दाट न करताही काम होतं आणि श्वास सोपा राहतो. केलॉग यांचं कोडं अर्धं सुटलं.

अर्धंच. कारण वूच्या मास्कमध्ये बंद होते, ते चेहऱ्याप्रमाणे आवळता यायचे. साच्यातली वाटी आधीच कुणाच्या तरी चेहऱ्याच्या आकाराची असते. कुणाच्या? (ब्रेसियरला नंबर असतात हे शेजारच्या दुकानदारालाही ठाऊक असतं, काकू, वाचत असाल तर माफ करा.)

याचं उत्तर सापडलं तेव्हा मला खरोखर आश्चर्य वाटलं. १९७० च्या दशकात अमेरिकेतल्या लॉस अलामॉस प्रयोगशाळेनं मास्क तपासायला पंचवीस जणांचा एक नमुना-गट ठरवला. चेहऱ्याची लांबी-रुंदी कुठपासून कुठपर्यंत असावी हे त्यांनी घेतलं ते १९६७ आणि १९६८ मध्ये अमेरिकी हवाई दलातल्या तरुण-तरुणींच्या मापांवरून. सैन्यात भरती झालेले, शिडशिडीत, बहुतेक गोरे चेहरे! पुढची तीसेक वर्षं जगभरच्या चेहऱ्यांच्या वतीनं हे पंचवीस जण परीक्षा देत राहिले. २००३ मध्ये जवळपास चार हजार अमेरिकी कामगारांचे चेहरे नव्यानं मोजले, तेव्हा दिसलं की त्यांतले पंधरा टक्क्यांहून जास्त त्या जुन्या चौकटीत मावतच नाहीत. हे अमेरिकेतलेच. नंतर चिनी कामगारांची मापं घेतली, तर त्यांचे चेहरे सरासरीनं आखूड आणि रुंद निघाले. बायकांच्या आणि आशियाई माणसांच्या बाबतीत मास्क पहिल्या फटक्यात न बसण्याचं प्रमाण जास्त असल्याचं पुढे अनेक अभ्यासांत आलं आहे.

आणि एन९५? १९८० च्या दशकाच्या अखेरीपासून न्यूयॉर्क, फ्लोरिडातल्या हॉस्पिटलांत औषधांना न जुमानणारा टीबी पसरला, कर्मचारी आजारी पडले, काही मेले. तेव्हा कारखान्यांतला मास्क डॉक्टरांच्या तोंडावर आला. 'एन९५' हे नाव १९९५ च्या नियमांतलं. एन म्हणजे तेलकट कणांसाठी नाही, आणि ९५ म्हणजे गाळायला सर्वांत अवघड अशा, ०.३ मायक्रॉनच्या आसपासच्या कणांपैकी निदान ९५ टक्के अडवणारा. पण नीट वाचा मंडळी: ही परीक्षा यंत्रात बसवलेल्या गाळणीची. चेहऱ्यावर तो कसा बसतो हे त्या प्रमाणपत्राच्या परीक्षेत नव्हतंच! ते काम कामाच्या ठिकाणच्या मालकावर सोडलं होतं. १९९८ च्या अमेरिकी नियमानं सांगितलं की प्रत्येक कामगाराची चाचणी पहिल्या वापराआधी आणि मग दरवर्षी घ्या. हॉस्पिटलांना हे खर्चिक वाटलं. टीबीच्या बाबतीत वार्षिक चाचणीचा नियम लागू करायला अमेरिकी संसदेनंच २००४ नंतर काही वर्षं मनाई केली होती.

याची किंमत काय असते ते टोरांटोनं २००३ मध्ये पाहिलं. सार्सची साथ. जगभरात जे ८,०९८ रुग्ण नोंदले गेले त्यांतला साधारण पाचातला एक आरोग्य-कर्मचारी होता. टोरांटोच्या हॉस्पिटलांतही कर्मचारी आजारी पडले. दोन नर्स आणि एक डॉक्टर गेले. नंतर न्यायमूर्ती कॅम्बेल यांचा चौकशी आयोग बसला. २००६ च्या अखेरीस आलेल्या त्याच्या अहवालात आहे की मास्क ज्याला त्याला नीट बसला पाहिजे असा कायदा त्या प्रांतात १९९३ पासून होता. दहा वर्षं! पण पाळत होते फार थोडे, आणि साथ अंगावर आल्यावर घाईघाईत चाचण्या सुरू झाल्या. कर्मचाऱ्यांनी मास्क घातले होते. बसले होते का, हे कुणी आधी बघितलं नव्हतं.

आता घरी येतो. २००५ मध्ये सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातल्या ७२६ कर्मचाऱ्यांची तपासणी करून एक अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन चाचण्यांपैकी निदान एकीत निम्म्या लोकांमध्ये टीबीचा सुप्त संसर्ग दिसला. म्हणजे आजार नाही, पण जंतू शरीरात शिरून गेलेला. आपल्या देशात टीबी लोकलच्या डब्यातही भेटतो, त्यामुळे प्रत्येकाला तो हॉस्पिटलातच मिळाला असं म्हणता येत नाही. माझ्या भाचीचंही तसंच. कडू चवीवरून काहीच सिद्ध होत नाही, हे तीच मला बजावत होती. डॉक्टर आहे ना! तिच्या वॉर्डात बहुतेक वेळा साधा निळा मास्कच मिळायचा. मी पाठवलेले एन९५ तिनं जपून, आठवडा-आठवडा पुरवून वापरले होते. ते तिच्या नाकापाशी उघडे राहायचे आणि चष्म्यावर वाफ धरायची, हेही तिनं आत्ता सांगितलं. चष्म्यावर वाफ म्हणजे वरची कड गळतेय. अहो, गळती डोळ्यांसमोर दिसत होती आणि आम्ही दोघंही तिला 'चष्म्याचा त्रास' म्हणत होतो.

२०२० मध्ये तर आपण सगळेच मास्कपंडित झालो. इंडियन मेडिकल असोसिएशनच्या मोजणीत पहिल्या लाटेतच सातशेहून जास्त डॉक्टर गेले. त्यांतल्या किती जणांच्या बातमीखाली आपण (हो, मीसुद्धा) मनातल्या मनात तोच प्रश्न विचारला असेल? कानांत अडकवायच्या पट्ट्यांचे 'एन९५' तेव्हा ढिगानं विकले गेले. कानाला ओढ द्यायची ती किती देणार? कान दुखायला लागले की पट्टी सैल होते. डोक्यामागून दोन पट्ट्या असतात त्या उगाच नसतात.

एक गोष्ट मात्र वाचून फार बरं वाटलं. दाढीवर मास्क बसत नाही. कडेखाली केस आले की फट. त्यामुळे इंग्लंडमधल्या शीख डॉक्टरांपुढे २०२० मध्ये पेच पडला, की श्रद्धा ठेवायची की काम? दाढी बांधून ठेवायला शीख पुरुष एक कापडी पट्टी वापरतात, तिला ठाठा म्हणतात. काही शीख डॉक्टर-डेंटिस्टांनी तीच युक्ती वापरली. व्यायामाचा पातळ रबरी पट्टा हनुवटीखालून घेऊन डोक्यावर बांधायचा, सगळी दाढी त्याखाली, आणि त्यावर मास्क. मग त्यांनी रीतसर चाचणी करून घेतली, आणि बहुतेक जण पास झाले. मला वू लिएन-तेहचे डोक्यावर बांधायचे बंद आठवले. चेहरा मास्कच्या मापाचा नसेल तर दोष चेहऱ्याचा नाही, बांधायची पद्धत बदला.

इतकं सगळं वाचून मला काय कळलं? एवढंच, की शंभर-सव्वाशे वर्षं आपण कापडावर डोकं चालवलं आणि कड ज्याच्या त्याच्या नशिबावर सोडली. कडेचं ज्ञान नव्हतं असं नाही. १९११ मध्ये होतं, १९२० मध्ये होतं, १९९३ मध्ये कायद्यात होतं. पण फट राहिली की ती घालणाऱ्याची चूक मानायची, ही सोय फार मोठी. त्या सोयीत रुग्णालयं आली, सरकारं आली, आणि खाटेशी बसलेला एक मामाही आला. चाचणीला लागतं काय? एक टोपडं, एक फवारा, दोन-तीन मापांचे मास्क आणि माणशी अर्धा तास. आमच्या कारखान्यात प्रत्येक पंप बाहेर पडण्याआधी पाण्याच्या दाबाखाली तपासायचो. न तपासलेला पंप गिऱ्हाइकाला दिला तर सुपरवायझर आम्हाला फाडून खायचा.

भाची परत जायच्या आदल्या रात्री मी तिला म्हणालो, "तेव्हा मी तसं विचारायला नको होतं गं." ती हसली. म्हणाली, "मामा, तू दोन मास्क तरी पाठवले होतेस. हॉस्पिटलनं तेवढेही दिले नव्हते." तिचं मन मोठं आहे. ताई, तू हे वाचशीलच. तुला तेव्हा जे बोललो होतो ते मागे घेतो. पोरगी खरं बोलत होती.

असो. इथं वाचायला येणाऱ्यांत दोन-तीन डॉक्टर आहेत, एकीचा मुलगा यंदा रेसिडेन्सीला लागलाय. तुमच्याकडे ही कडू फवाऱ्याची चाचणी होते का? झाली असेल तर कितव्या मास्कला पास झालात, जरूर कळवा. आणि झाली नसेल तर निदान चष्म्यावर वाफ धरतेय का, तेवढं बघा.